यीस्टवरून फळमाशीकडे: पूरकता चाचणी कशी लावायची?

टेट्रॅडवाला
यीस्टचं जनुकशास्त्र हातात बसलेलं आहे, ड्रोसोफिला (फळमाशी) नवीन. यीस्टमध्ये दोन हॅप्लॉइड (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या पेशी) एकत्र केले, डिप्लॉइड वाढतंय का पाहिलं, की संपलं. इथे दोन म्युटेशन आहेत. दोन्ही दुसऱ्या गुणसूत्रावर, होमोझायगस (दोन्ही प्रती म्युटंट) झाली की मारक, दोन्ही स्टॉक सीवायओ बॅलन्सरवर (जोडीतलं दुसरं गुणसूत्र सीवायओ; ते पंख कुरळे करतं आणि क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे जोडीतली तुकड्यांची अदलाबदल, रोखतं). एकाच जनुकात आहेत का, हे कसं ठरवू?

व्हायलबहाद्दर
चाचणी तीच, गणित वेगळं. एका स्टॉकच्या ८-१० व्हर्जिन (मीलन न झालेल्या) माद्या, दुसऱ्याचे ४-५ नर, २५ अंशांवर. सीवायओ/सीवायओ जगत नाहीत, म्हणून जनुकं वेगळी असतील तर सरळ पंखांच्या माश्या १/४ नव्हे, १/३ निघतात. एकाच जनुकात असतील तर सगळ्या कुरळ्या पंखांच्या. निदान १०० माश्या मोजा. शंभरात पाच-सात सरळ दिसल्या तर एखादा अ‍ॅलील (जनुकाचं रूप) अर्धवट काम करत असावा.

खरी गोम व्हर्जिनमध्ये आहे. मादी शुक्राणू साठवून ठेवते. आपल्याच स्टॉकच्या नराशी आधी मीलन झालेली असेल तर तिची ती पिल्लं सगळी कुरळी, म्हणजे अगदी ‘एकच जनुक’ असल्यासारखा निकाल! म्हणून व्हायल (माश्या वाढवायची बाटली) पूर्ण रिकामी करा आणि ८ तासांच्या आत नव्या माद्या उचला. फिकट अंग आणि पोटात गडद ठिपका दिसला तर निर्धास्त. गोळा केलेल्या माद्या २-३ दिवस नराविना ठेवा. अळ्या दिसल्या तर ती व्हायल बाद. (नुसती अंडी दिसली तर घाबरू नका, फलन न झालेलीही घालतात.) क्रॉस उलटाही लावा, म्हणजे दुसऱ्या स्टॉकच्या माद्या आणि पहिल्याचे नर.

टेट्रॅडवाला
रात्री १८ अंशांवर ठेवल्या तर चालेल?

व्हायलबहाद्दर
हो, मग साधारण १६ तास मिळतात. पण क्रॉस १८ वर वाढवू नका, थंडीत कुरळे पंख जवळजवळ सरळ दिसतात आणि मोजणी फसते.

गुणसूत्र२
एक राहिलं. दोन्ही म्युटेशन एकाच मूळ गुणसूत्रावर केलेली असतील तर त्यावरचं जुनं मारक म्युटेशन दोघांतही असेल, आणि जनुकं वेगळी असूनही पूरकता दिसणार नाही. यीस्टमध्ये टेट्रॅडने (एका मायोसिसचे चार बीजाणू वेगळे वाढवून) हे लगेच उघडं पडतं, इथे नाही. प्रत्येक म्युटेशन त्या भागाच्या डेफिशियन्सीशी (तो भाग गळालेल्या गुणसूत्राशी) क्रॉस करा. डेफिशियन्सीवर माशी जगली तर मारक दुसरीकडे आहे. मग ते जुनं मारक धुऊन काढायला बॅलन्सर नसलेल्या हेटरोझायगस माद्याच घ्या. नरात क्रॉसिंग ओव्हर होत नाही, नरामार्फत कितीही पिढ्या बॅकक्रॉस (साध्या स्टॉकशी पुन्हा पुन्हा क्रॉस) केलात तरी ते गुणसूत्र जसंच्या तसं राहतं.