विषय: व्हाइटचॅपलची पाणपोई – फेरीच्या पत्रकाचा मसुदा

नमस्कार मंडळी,
रविवारच्या फेरीत लंडनमधल्या व्हाइटचॅपल रोडवरची, ब्रिटनचा राजा सातव्या एडवर्डच्या स्मरणार्थ उभारलेली पाणपोई घेतली आहे. पत्रकात ‘१९११, रॉथशिल्ड यांची देणगी’ असं छापू का? ब्राँझवर हिरवट थर आहे, तो मुलांकडून चिंच-पितांबरीने घासून घ्यावा असंही सुचवलं गेलंय.
– फेरी समिती

---

सप्रेम नमस्कार,

‘देणगी’ हा शब्द कृपया काढा. धनाढ्य बँकर घराण्यातल्या चार्ल्स रॉथशिल्ड यांनी १५ मार्च १९१२ रोजी अनावरण केलं, एवढंच. पैसा पूर्व लंडनच्या ज्यू रहिवाशांच्या वर्गणीचा, आणि दगडावर तसं स्पष्ट कोरलंय. १९११ हे सालही त्या लेखातलंच, म्हणून घोटाळा होतो. पत्रकात दोन्ही सालं द्या.

वर पंखांची देवता आहे, तिथेच नजर अडकते. मुलांना आधी खालची बालकं दाखवा. एकाच्या हातात जहाज, एकाकडे पुस्तक, एकाकडे मोटारगाडी, आणि एकाकडे सुई-दोरा. रशियातल्या ज्यूविरोधी दंगलींमुळे पळून आलेली असंख्य ज्यू कुटुंबं याच भागात शिवणकामावर जगली. वर्गणी कुणाची, हे त्या सुईत दिसतं.

घासणं मात्र अजिबात नको. तो हिरवट थर हवेने तयार झालेला असतो आणि आतल्या धातूला जपतो. चिंचेचं आम्ल तो खातं, उघडा पडलेला धातू पुन्हा झिजू लागतो, आणि तांब्याचे क्षार ओघळून दगडावर डाग पडतात, ते दगडात मुरतात. शिवाय वास्तू तिथल्या सरकारी वारसा यादीत श्रेणी २ मध्ये संरक्षित आहे. अक्षरं वाचायला खडूही फासू नका, बॅटरी बाजूने तिरकी धरली की कोरीव अक्षर उठून दिसतं.

रविवार निवडलात हे उत्तम, त्या दिवशी फुटपाथवरचा बाजार नसतो. स्टेशनच्याच बाजूला, जुन्या लंडन हॉस्पिटलसमोर उभं राहा. पिण्याचं पाणी सोबत न्या.

---

आभार, दुरुस्ती केली. काळ्या घोड्याचा उल्लेख चालेल का?

---

जरूर करा. तोही हाच एडवर्ड, युवराज असतानाचा. १८७९ चा तो पुतळा एकट्या अल्बर्ट ससून यांनी मुंबईला दिला, १९६५ मध्ये तो राणीच्या बागेत हलवला. ती मात्र खरोखर एका धनिकाची देणगी होती, तिथे तो शब्द वापरा.