गिल्ड वॉर्स २ मध्ये हीलरच नाही, कसं जमणार?

जुलै २०१२. हा ऑनलाइन गेम २८ ऑगस्टला येतोय, दिवस मोजतोय नुसते, पण वेगळा हीलर, म्हणजे इतरांच्या जखमा भरून काढणारा खेळाडू, ठेवलाच नाहीये म्हणे, ज्याने त्याने आपलं हील ६ नंबरच्या बटणावर सांभाळायचं, मी इतकी वर्षं पार्टीला, म्हणजे सोबत लढणाऱ्या गटाला, जिवंत ठेवायचंच काम केलंय, मग आता मी करू काय?

रात्रपाळी यांचं उत्तर: बीटा (रिलीजआधीची चाचणी आवृत्ती) खेळलो. पडलं की लगेच मरत नाही, पडल्या पडल्या लढता येतं, समोरचा मारला की परत उभं! शिवाय कुणीही येऊन उठवतं. हीलरची वाट बघत ताटकळणं संपलं, मला जाम आवडलं.

मोरपीस यांचं उत्तर: मला नाही पटलं, डंजनमध्ये (गटाने मिळून लढायच्या भागात) सगळे सैरावैरा पळत होते. पण महिन्याची फी नाही, घेणारच. तू गार्डियन, म्हणजे साथीदारांना जपणारं पात्र, घे, सांभाळायची हौस तिथे भागेल.