सॅन फ्रान्सिस्को १९८४: बाथहाऊस बंद केली ते बरोबर की चूक?

खाडीपलीकडचा:
ऑफिसात एक रिटायर व्हायला आलेला सहकारी आहे, ऐंशीच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅस्ट्रो या गे वस्तीत राहायचा, परवा जेवताना त्याच्याशी वाद झाला म्हणून इथे टाकतोय. बाथहाऊस म्हणजे गे पुरुषांचे हमामखाने, वाफ, टॉवेल आणि भाड्याच्या छोट्या खोल्या, अनोळखी लोकांशी संबंध व्हायचे. एड्समुळे तिशीतली पोरं मरायला लागली आणि ९ ऑक्टोबर १९८४ ला शहराच्या आरोग्य खात्याचे प्रमुख मर्विन सिल्व्हरमन यांनी असे १४ अड्डे बंद करायचा हुकूम काढला. माझ्या मते बरोबरच केलं, उलट उशीर केला. २०२० मध्ये आपण पायी वारी थांबवली, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा वारकऱ्यांचे हक्क गेले म्हणून किती जण कोर्टात गेले? साथ आली की गर्दीची जागा आधी बंद, हक्कांचं नंतर बघू.

मिरजेची_मावशी:
वारीची तुलना लंगडी आहे हो. वारकरी असणं कुठे गुन्हा होता? कॅलिफोर्नियात समलिंगी संबंध कायदेशीर झाले १९७६ ला, म्हणजे जेमतेम आठ वर्षं, आणि अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या राज्यांत तेव्हाही गुन्हाच. आणि सिल्व्हरमननी पुरावा कसा गोळा केला ते लिहायचं राहिलं वाटतं? खासगी डिटेक्टिव्ह आत पाठवले, कोण काय करतंय ते बघून रिपोर्ट लिहायला. दिंडीत कोणी डिटेक्टिव्ह सोडला होता का?

अनिकेत_पुणे३०:
मी स्वतः गे आहे आणि तरी निम्मा धागाकर्त्याच्या बाजूने आहे, द्या शिव्या. बंदीसाठी दबाव आणणाऱ्यांत लॅरी लिटलजॉन होता, स्वतः गे कार्यकर्ता, मार्च १९८४ मध्ये म्हणाला तुमच्याने होत नसेल तर मी हा प्रश्न थेट मतदानाला टाकतो. आपलेच लोक त्याच्यावर तुटून पडले. सिल्व्हरमनच्या पत्रकार परिषदेला काही जण टॉवेल गुंडाळून आले, पाटीवर काय तर आज बाथ, उद्या तुमची बेडरूम. भीती खोटी नव्हती हे मान्य, पण आत जो गल्ला मोजत बसलेला मालक होता ना, त्याच्या धंद्याला माझा हक्क कशाला म्हणायचं?

साथवाली_डॉक्टर:
साथरोगाचं काम केलंय म्हणून दोन गोष्टी. एक, नंतर जे अभ्यास झाले त्यात दिसलं की सॅन फ्रान्सिस्कोत गे पुरुषांमध्ये नवीन लागण १९८२ च्या सुमारास कळसाला पोचली होती आणि हुकूम निघेपर्यंत बरीच उतरली होती. लागण झाल्यावर आजार दिसायला वर्षं जातात, त्यामुळे १९८४ ला जी प्रेतं उचलली जात होती ती आधीच्या लागणीची. लोकांनी मित्र मरताना बघितले, पत्रकं वाचली आणि स्वतःहून वागणं बदललं. दोन, एचआयव्हीची टेस्ट बाजारात आली मार्च १९८५ ला, तोपर्यंत आपल्याला लागण आहे का हेच कोणाला कळत नव्हतं. अशा वेळी ज्यांच्याकडून माहिती हवी त्यांनाच घाबरवून कसं चालेल. बाकी नोव्हेंबरात जज रॉय वंडर यांनी बाथहाऊस अटींवर उघडायला दिली, खोल्यांची दारं काढा आणि दर १० मिनिटांनी माणूस फेरी मारून बघेल. बिनदाराच्या खोलीचं भाडं कोण देणार!

खाडीपलीकडचा:
ते ठीक, पण मग काय नुसतं बघत बसायचं होतं? वर राष्ट्राध्यक्ष रेगन १९८५ चा सप्टेंबर येईपर्यंत जाहीरपणे या रोगाचं नावही घेत नव्हते. कोणीतरी काहीतरी केलं हेच खूप. (माझ्या बर्कलीतलं मात्र चालूच राहिलं, सॅन फ्रान्सिस्कोचे लोक पूल ओलांडून इकडे यायचे, हा माझ्याच मुद्द्यावर पाणी टाकणारा मुद्दा आहे, कळतंय मला.)

म्हापसेकर:
काहीतरी केलं हेच खूप, हे वाक्य आमच्या गोव्यात नका बोलू. आमच्याकडे आरोग्य कायद्यात कलम घातलं की एचआयव्ही निघाला तर माणसाला उचलून वेगळं ठेवायचं. डॉमिनिक डिसोझा, पर्रा गावचा, नेहमी रक्तदान करणारा माणूस, १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी नेला आणि ६४ दिवस जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये कोंडला. तो गे होता की नव्हता हा इथे मुद्दाच नाही, रक्त द्यायला गेलेला माणूस कैदी झाला हा मुद्दा. आईने मुंबई हायकोर्टात केस केली तर कोर्टाने कलम योग्यच ठरवलं. मला सांगा, ते बघून कोण स्वतःच्या पायाने टेस्टला जाणार?

मिरजेची_मावशी:
आणि २००१ चं लखनौ. गे पुरुषांत एड्सची माहिती देणारी, कंडोम वाटणारी पोरं, त्यांनाच समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं तेव्हाचं कलम ३७७ लावून महिनाभरावर आत ठेवलं. आरोग्य विरुद्ध हक्क म्हणे. तिथे दोन्ही एकदमच गेलं.

अनिकेत_पुणे३०:
मावशी, लखनौला पोलिसांनी केलं ते आणि एका धंद्याला टाळं लावणं हे एकाच पिशवीत नका घालू. माझा प्रश्न वेगळाय. डॉक्टर म्हणतात कळस १९८२ ला, मग तेव्हाच टाळं लावलं असतं तर?

साथवाली_डॉक्टर:
१९८२ ला व्हायरसच सापडला नव्हता. हुकूम कशाच्या जोरावर काढणार?

अनिकेत_पुणे३०:
१८५४ ला लंडनमध्ये कॉलराच्या वेळी डॉक्टर जॉन स्नोच्या सांगण्यावरून दूषित पाण्याच्या पंपाचा दांडा काढला, तेव्हा तरी जंतू कोणी मानत होतं का?

मिरजेची_मावशी:
पंपाला नोकरीवरून काढत नाहीत रे. पंपाच्या घरी कळत नाही.

साथवाली_डॉक्टर:
आणि दांडा काढला तेव्हा ती साथ उतरणीलाच लागली होती, असं स्नोने स्वतःच लिहून ठेवलंय.