मुंबईत राहून स्कुबा शिकायचंय, पाण्याखालचे अवशेष पाहायचेत. सुरुवात कुठून करावी?

दादर_चौपाटी
नमस्कार मंडळी. शिवाजी पार्कच्या तलावात नियमित पोहते, दम चांगला टिकतो. स्कुबा शिकायचंय ते बुडालेली शहरं आणि जुनी बंदरं पाहायला, द्वारका सगळ्यात आधी. पूर्ण कोर्स मुंबईत होतो का? आणि अवशेषांसाठी ३० मीटरचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्सही लागेल का?

खारा_वारा
थिअरी आणि तलावातला सराव मुंबईत होऊ शकतो. समुद्रातल्या ४ डाइव्हसाठी मात्र बाहेर पडावंच लागतं. आपल्याकडे खाड्यांमधून येणारा गाळ भरती-ओहोटीने सतत ढवळला जातो, पाण्यात काही दिसत नाही. तारकर्ली, गोवा, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी किंवा अंदमान बघा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात सगळं बंद, हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे.

मालवणात पर्यटकांना जी छोटी डाइव्ह करवतात ती कोर्स नव्हे. त्यात इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून फिरवतो, तुम्ही फक्त श्वास घेता. 'ओपन वॉटर' (स्कुबाचा पहिला, प्रमाणपत्र देणारा कोर्स) असं स्पष्ट विचारून नाव नोंदवा. त्यात २०० मीटर पोहणं (वेळेचं बंधन नाही) आणि १० मिनिटं तरंगणं असतं, ते तुम्हाला जड नाही. पैसे भरण्याआधी वैद्यकीय फॉर्म मात्र वाचा. दमा, कानाचं ऑपरेशन, हृदयविकार यांपैकी कशालाही 'हो' असेल तर डॉक्टरची सही लागते. सर्दी असताना पाण्यात उतरू नका. कान मोकळे होत नाहीत आणि पडद्याला इजा होते. कान दर मीटरला, दुखायच्या आधीच मोकळे करायचे. दुखलं तर थोडं वर या, जोर लावू नका.

तळ_गाळ
अ‍ॅडव्हान्स्डची घाई नको. बुडालेली शहरं बहुतेक उथळ पाण्यात आहेत. नेपल्सजवळच्या बाया इथल्या रोमन वाड्यांची मोझेक फरशी साधारण ५ मीटरवर आहे. ज्वालामुखी प्रदेशातली जमीन हळूहळू खचल्याने ती पाण्याखाली गेली. ग्रीसमधलं पाव्लोपेत्रीही ३-४ मीटरवरच. ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर आहे, म्हणजे खोलीचा प्रश्नच नाही.

प्रश्न आहे पाण्यात ना वर ना खाली असं एका पातळीवर तरंगत राहण्याचा, आणि तो उथळातच सगळ्यात अवघड. १० मीटरवरून पृष्ठभागापर्यंत येताना जॅकेटमधली (तरंगण्यासाठी हवा भरायचं डाइव्हिंग जॅकेट) हवा दुप्पट फुगते. २० वरून १० वर येताना ती दीडपटच होते. त्यामुळे ५ मीटरवर जरा मोठा श्वास घेतला की माणूस वर निघतो, घाबरून हवा सोडली की खाली आदळतो. गुडघा भिंतीवर, पायातले फिन्स गाळात, आणि मागच्या सगळ्यांना पुढचं काही दिसत नाही.

उपाय योग्य वजनापासून सुरू होतो. टाकीत ५० बार (हवेच्या दाबाचं एकक) उरलेले असताना जॅकेट पूर्ण रिकामं करा आणि नेहमीचा श्वास धरून पाण्यात उभे तरंगत राहा. पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं आणि श्वास सोडल्यावर सावकाश बुडायला हवं. भरलेल्या टाकीने तपासत असाल तर सुमारे २ किलो जास्त ठेवा, कारण डाइव्हमध्ये तेवढ्या वजनाची हवा संपते. सूट बदलला की पुन्हा तपासा. अंदमानात ३ मिलिमीटरच्या सुटाला पुरणारं वजन भूमध्य समुद्रातल्या ५ मिलिमीटरच्या सुटाला पुरत नाही. पाय वरखाली मारण्याऐवजी बेडकासारखे बाजूला मारायला शिका, गाळ उठत नाही.

उथळाचा फायदाही मोठा आहे. ११ लिटरची टाकी २०० बारला भरलेली, ५० बार राखीव. मिनिटाला २० लिटर श्वास धरला तर ५ मीटरवर ५५ मिनिटं मिळतात, १८ मीटरवर जेमतेम २९.

बंदर_वाचक
द्वारकेबद्दल. पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८०च्या दशकात तिथे शोध झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने पुन्हा काम सुरू केलं. सापडलंय ते म्हणजे विखुरलेले घडीव दगड आणि जहाजांचे दगडी नांगर, त्यांवर शेवाळ आणि शिंपल्यांचा थर. सरावाच्या नजरेशिवाय ते नैसर्गिक खडकापासून वेगळे ओळखणं कठीण. उभे खांब आणि रस्ते दिसतील अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. पहिली सहल बायाला किंवा इस्रायलमधल्या सिझेरियाला करा. सिझेरियात हेरोद राजाच्या बुडालेल्या बंदरात डाइव्हरांसाठी मार्ग आखलेले आहेत. बायाला परवानाधारक केंद्राचा गाइड घ्या. तो मोझेकवरची वाळू हाताने बाजूला करून दाखवतो आणि पुन्हा झाकतो, ते काम आपण करायचं नाही. कुठलाही तुकडा उचलू नका, खापरसुद्धा. वस्तू जागेवरून हलली की ती कोणत्या थरातली, कशाशेजारची, हे कायमचं पुसलं जातं.

दादर_चौपाटी
मनापासून आभार. म्हणजे आधी तारकर्ली. रविवारी दुपारी शेवटची डाइव्ह करून रात्री विमानाने परतता येईल का?

खारा_वारा
नाही. अनेक डाइव्हनंतर विमानाआधी किमान १८ तास, एकाच डाइव्हनंतर १२. रक्तात विरघळलेला नायट्रोजन केबिनच्या कमी दाबात बुडबुडे धरतो. कोल्हापूरमार्गे गाडीने येत असाल तर घाटालाही हेच कारण लागू, सह्याद्री चढताना ६०० मीटरच्या आसपास जाता. कुडाळहून रात्रीची कोकण रेल्वे घ्या, ती सह्याद्री न चढता किनारपट्टीनेच येते.