शेलशॉक, डूलॅली, धसका: सैनिकाच्या मनाला जे झालं त्याला मराठीत काय म्हणायचं?

उंबरठा

पहिल्या महायुद्धावरचा एक लेख मराठीत आणतोय. खंदकांतल्या सैनिकांनी ते सगळं कसं सोसलं, हा त्याचा विषय. गाडी 'शेलशॉक'पाशी (शब्दशः, तोफगोळ्याचा धक्का) अडली आहे. 'युद्धजन्य मनोविकार' लिहिलं की डॉक्टरांचा अहवाल वाचतोय असं वाटतं. 'स्फोटाघात' म्हटलं तर बॉम्बने जखमी झालेला माणूस डोळ्यांपुढे येतो. 'मानसिक धक्का' आपण दहावीच्या निकालालाही वापरतो.

थोडी पार्श्वभूमी. फेब्रुवारी 1915 मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांची हकिगत छापली आणि तिथून हा शब्द वैद्यकात रुजला. एक जण काटेरी तारांत अडकलेला असताना त्याच्या भोवती तोफगोळे फुटत होते. दुसरा खंदक कोसळून 18 तास मातीखाली गाडला गेला होता. तिसरा स्फोटाने विटांच्या ढिगाऱ्यावरून खाली फेकला गेला. तिघांचीही नजर अधू झाली, वास आणि चव गेली, आठवण पुसट झाली. ऐकू मात्र जवळजवळ नीट येत होतं! एवढ्या कानठळ्या बसूनही कान शाबूत आणि नाक-जीभ बंद, म्हणजे प्रकरण कानामेंदूला बसलेल्या दणक्यापुरतं नव्हतं हे तेव्हाच दिसत होतं. तरी शब्द चिकटला. पुढे गोळ्याच्या आसपासही न गेलेली माणसं तशीच थरथरत दवाखान्यात येऊ लागली.

मूळ शब्दच असा अर्धवट आहे. मग मराठीत काय करावं?

सई_म

मानसोपचार विभागात काम करते, म्हणून आधी एक विनंती. 'आघातोत्तर तणाव विकार' हा शब्द 1915 च्या माणसाला लावू नका. ते निदान अधिकृत यादीत 1980 साली आलं, तेही व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या रेट्यामुळे. लक्षणं जुळतात म्हणून नाव मागे नेऊन चिकटवलं की त्या काळात त्या माणसाला लोक काय समजत होते, तेच हरवतं.

आणि शेलशॉक हा शब्द साधा नव्हता, त्याच्यावर पेन्शन अवलंबून होती. ब्रिटिश सैन्याने मध्यंतरी त्याचे दोन प्रकार केले. कागदावर पुढे 'डब्ल्यू' लागला तर तो शत्रूच्या माऱ्यात जखमी. त्याला गणवेशावर जखमी झाल्याची मानाची पट्टी आणि पेन्शनचा हक्क. 'एस' लागला तर नुसता आजारी, मान नाही. एका अक्षराचा प्रश्न! 1916 साली फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत असे रुग्ण इतके वाढले की 1917 मध्ये वरून हुकूम आला, हा शब्द वापरूच नका. त्याऐवजी कागदावर लिहायचं, 'अजून निदान नाही, मज्जासंस्थेचं'. 1922 च्या सरकारी समितीनेही तो टाकून द्या असंच सांगितलं. लोकांनी टाकला नाही.

भगूरकर

शेलशॉकच्या आधीचा एक शब्द आमच्या शेजारचा आहे. इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलॅली' म्हणतात, ते आपलं नाशिकजवळचं देवळाली. पूर्ण शब्दप्रयोग 'डूलॅली टॅप', आणि त्यातला टॅप म्हणजे ताप.

देवळालीला 1860 च्या दशकात गोऱ्या सैनिकांची छावणी झाली. मायदेशी जाणारे शिपाई इथे येऊन मुंबईच्या बोटीची वाट बघत. पण सैनिकांच्या बोटी साधारण शरद ऋतूपासून मार्चपर्यंतच सुटत. ज्याची नोकरी उन्हाळ्याच्या तोंडावर संपली तो पावसाळा उलटेपर्यंत इथेच. धड शिपाई नाही, धड सुटलेला नाही. कवायत नाही, काम नाही, हातात पगार आणि समोर दारू. वर्षानुवर्षं पलटणीत शिस्तीने राहिलेली माणसं इथे बसून बसून भ्रमिष्ट व्हायची, मारामाऱ्या करायची, काही तुरुंगात जायची. अशा माणसाला त्याचेच सोबती म्हणायचे, याला देवळालीचा ताप चढला.

मौज अशी की देवळालीची हवा चांगली म्हणून मुंबईच्या पारशी-गुजराती मंडळींनी तिथे आरोग्यधामं बांधली. हवापालटाला जायचं गाव इंग्रजीत वेडाचं गाव झालं. नाशकात मात्र 'देवळाली ताप' असं कुणी म्हणत नाही, हे आपलं लेखात स्पष्ट करा.

रानवाट

भगूरकरांनी विषय काढला म्हणून पुढचं. महायुद्धात हिंदुस्थानी पलटणींतून उचललेले असे बरेच शब्द खंदकात पोचले. 'ब्लायटी' म्हणजे इंग्लंड, तो आपल्या 'विलायती'वरून. त्यातून 'ब्लायटी जखम' झाली: जिवावर बेतणार नाही, पण बोटीत घालून घरी पाठवतील अशी जखम. हातापायातून आरपार गेलेली गोळी लागली की सोबती अभिनंदन करायचे. 'कुशी' म्हणजे आरामाचं, ते 'खुश'वरून.

सोसायची एक तऱ्हा अशीही होती, जे व्हावंसं वाटतं त्याला हसत हसत नाव द्यायचं. 'मला घरी जायचंय' म्हणणारा भित्रा. 'एखादी ब्लायटी मिळाली तर बरं' म्हणणारा गमत्या. म्हणणं तेच.

आपले सैनिक तर याहून चतुर. सप्टेंबर 1914 मध्ये मार्सेलिसला उतरलेल्या हिंदी पलटणींची पत्रं तपासली जायची, भाषांतर व्हायची. ते उतारे आजही लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. सेन्सॉर वाचतोय हे ठाऊक असल्याने एकाने लिहिलं की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरी वापरतात. काळी म्हणजे आपले, लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरला ते कळलं, म्हणून तर आपल्याला वाचायला मिळतं. दुसऱ्या एका जखमी शिपायाने लिहिलं की हे युद्ध नव्हे, हा जगाचा अंत आहे, पूर्वजांच्या महाभारतात सांगितलाय तसा. त्याच्याकडे शेलशॉक हा शब्द नव्हता, महाभारत होतं.

जुना_शिलेदार

एवढी चर्चा कशाला? पळाला तो भेकड, उभा राहिला तो मर्द. आमच्या वेळी असली नावं नव्हती.

सई_म

काका, ब्रिटिश सैन्यानेही हेच ठरवलं होतं. पळून जाणं, भ्याडपणा वगैरेंसाठी त्यांनी आपल्याच 306 सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतले काही आधी शेलशॉकसाठी दवाखान्यात जाऊन आलेले होते. 2006 साली सरकारने त्या सगळ्यांना माफी दिली. दुसऱ्या महायुद्धात 1943 मध्ये सिसिलीत अमेरिकी जनरल पॅटनने दवाखान्यातल्या अशाच दोन सैनिकांना भेकड म्हणून थोबाडीत मारल्या, आणि त्याला माफी मागावी लागली.

उभं राहण्यामागेही मर्दानगीइतकीच व्यवस्था होती. खंदकाच्या पहिल्या रांगेत कुणी महिनोन् महिने सलग नसायचं. काही दिवस पुढे, काही मागच्या रांगेत, मग राखीव, मग विश्रांती अशी पाळी फिरायची. रमचा घोट, घरचं पत्र, शेजारी आपल्याच गावचा माणूस. पाळी लांबली किंवा सोबती मेले की भले भले कोसळायचे.

पाटावरवंटा

साताऱ्याकडची आहे. आमच्या भागात बऱ्याच गावांत चावडीवर नाहीतर देवळाच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाचा दगड असतो. मजकूर ठरलेला: या गावातून इतकी माणसं लढाईवर गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले. दोनच आकडे. वजाबाकी केली की परत आलेले किती ते निघतं, पण कसे परत आले ते कुठेच नाही.

मराठी माणसाचं महायुद्ध फ्रान्सपेक्षा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जास्त घडलं, तेही तुमच्या लेखात यायला हवं. तिथल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. अन्न संपत आलं तेव्हा घोडे कापले. आपल्या लोकांनी ते मांस नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा आल्या, तरी कित्येक जण हात लावेनात, कारण गावी परतल्यावर जातीबाहेर काढतील ही भीती. उपासाने, स्कर्व्ही होऊन माणसं मरत होती आणि भीती गावकीची! शेवटी एप्रिलमध्ये बऱ्याच जणांनी खाल्लं. जव दळायला जात्याच्या तळ्या हव्या होत्या, त्या विमानातून टाकल्या. जातं आभाळातून पडताना बघणं काय असेल, कल्पना करा.

तुर्कांना शरण गेल्यावर वाळवंटातून पायपीट झाली, त्यात हजारो मेले. अशांसाठी आमच्याकडे शब्द आहे, हाय खाल्ली. हाय खाल्लेला माणूस ओरडत नाही, थरथरत नाही. जेवणावरून मन उडतं, आणि एक दिवस उठत नाही. ते शेलशॉक नव्हे, पण तुमच्या लेखात त्याची गरज पडेल.

रानवाट

मग शेलशॉकला धसका का नको? भीती येते आणि जाते. धसका बसतो आणि बसूनच राहतो. 'पुराचा धसका घेतलाय, पाऊस लागला की रात्रभर जागी असते' असं आपण म्हणतो, म्हणजे कारण संपल्यावरही तो टिकतो. दाराचा आवाज झाला तरी दचकणाऱ्या, युद्धातून परतलेल्या माणसाला दुसरा कुठला शब्द लावणार? कोसळलेल्या खंदकात 18 तास गाडल्या गेलेल्या त्या माणसाच्या बाबतीत तर 'धसणे'चा आवाजही कानात राहतो. व्युत्पत्तीचा दावा करत नाही, नाद सांगतोय.

भगूरकर

धसक्यात एक अडचण. तो सासूचाही बसतो, इंग्रजीच्या पेपरचाही बसतो.

रानवाट

बसू दे की. ताप मलेरियाचाही येतो आणि देवळालीचाही.

सई_म

धसका मला आवडला. कारण त्यात दोष माणसाकडे जात नाही. 'घाबरला', 'कच खाल्ली', 'अवसान गळालं' यांत माणूस कमी पडल्याचा सूर आहे. धसका बसला म्हणताना बाहेरचं काहीतरी येऊन बसलेलं असतं. मात्र 'बसला' आणि 'घेतला' यांत फरक करा. 'धसका घेतला' म्हटलं की पुन्हा थोडं त्याच्याच अंगावर येतं. जर्मन लोक अशा सैनिकांना 'युद्धातले थरथरे' म्हणायचे, त्यात हेटाळणी होती. फ्रेंच शिपाई स्वतःच्या उदासीला 'झुरळ' म्हणायचे, 'मला झुरळ चढलंय' अशा अर्थाने. ते मायेचं वाटतं, कारण स्वतःच स्वतःला म्हटलेलं आहे.

उंबरठा

खूप मिळालं. असं करतो: डॉक्टर, समिती, सैन्याचे हुकूम यांच्या संदर्भात 'शेलशॉक' देवनागरीत तसाच ठेवतो, कारण त्या शब्दावरून जी ओढाताण झाली ती त्याच शब्दाची आहे. जिथे शिपाई किंवा घरचे बोलतात तिथे 'धसका बसला'. कूतच्या कैद्यांसाठी 'हाय खाल्ली'. डूलॅलीसाठी वेगळी चौकट करतो, भगूरकरांची हरकत नसेल तर आरोग्यधामांसकट.

काका, 'भेकड' हा शब्दही ठेवतोय, कोर्टमार्शलच्या परिच्छेदात.

जुना_शिलेदार

ठेवा. माझं म्हणणं मागे घेत नाही. पण नामदेव जाधवांचंही लिहा. एप्रिल 1945, इटलीत सेनियो नदी. जखमी सोबत्यांना उचलून पाण्यातून मागे आणलं, मग परत जाऊन मशीनगनच्या जागा बंद पाडल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना देत बाकीच्यांना बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याला काय शब्द लावणार ते सांगा.

पाटावरवंटा

काका, त्याला शब्द भरपूर आहेत हो. इथे ज्याला नाहीत त्याचं चाललंय.

भगूरकर

चौकटीला हरकत नाही. फक्त 'देवळाली कॅम्प' लिहा, नुसतं देवळाली नको. राहुरीजवळ दुसरी देवळाली आहे, तिथले लोक उगाच चिडतील.