उमेदवाराचं शपथपत्र ऑनलाईन मिळतं, पण वाचायचं कसं?

प्रश्न: मूळकागद

मतदानाआधी दोन-तीन आठवडे हाताशी धरून उमेदवारांची नीट माहिती काढायची आहे. फॉरवर्ड आणि प्रचाराचे रील नकोत, मूळ कागद हवेत. तीन ठिकाणी अडतंय.

1. मतदार यादीत नाव शोधलं तर कार्ड असूनही 'नोंद आढळली नाही' असं येतं. म्हणजे नाव कापलंच गेलं का?
2. उमेदवाराचं शपथपत्र उघडलं की वीस-पंचवीस पानांची स्कॅन प्रत निघते. त्यात बघायचं काय? संपत्ती पाच वर्षांत तिप्पट झाली म्हणजे गडबड आहे असं धरायचं का?
3. विद्यमान आमदार-खासदारांनी सभागृहात काय केलं ते कुठे दिसतं?

महाराष्ट्रापुरतं सांगितलं तरी चालेल.

उत्तर: यादीभाग

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

नाव कापलं असं लगेच धरू नका, आधी शोध चुकलाय का ते बघा. निवडणूक आयोगाच्या मतदार शोधाला तीन वाटा आहेत: एपिक क्रमांक (मतदार ओळखपत्रावरचा क्रमांक), मोबाइल आणि वैयक्तिक तपशील. एपिक क्रमांक म्हणजे तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे. जुन्या कार्डांवर तिरक्या रेघांचा लांबलचक क्रमांक असायचा. त्याच्या जागी नवा क्रमांक दिला गेला असेल तर जुन्याने शोध लागत नाही. मोबाइलची वाट नोंदीला नंबर जोडलेला असेल तरच उपयोगी. तपशिलाने शोधताना नाव यादीत जसं छापलंय तसंच लागतं. लग्नानंतर आडनाव बदललं पण यादीत माहेरचंच राहिलं, नातेवाइकाच्या रकान्यात पतीऐवजी वडिलांचं नाव आहे, जन्मतारीख चुकलेली आहे, अशा कारणांनी हमखास शोध फसतो. जन्मतारखेने सापडलं नाही तर वय टाकून बघा.

तरीही नाही सापडलं तर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून तुमच्या भागाची यादीच उतरवून घ्या. पीडीएफ बहुधा चित्ररूपात असते, त्यामुळे त्यात टाइप करून शोधता येत नाही, डोळ्यांनीच वाचावी लागते. घरातल्यांची किंवा शेजाऱ्यांची नावं सापडली की त्याच्या आजूबाजूला बघा. पुरवण्या सोडू नका, नवी आणि वगळलेली नावं तिथे असतात. वगळलेल्या नोंदीवर आडवा शिक्का आणि शेजारी कारणाचं एक इंग्रजी अक्षर असतं: ई म्हणजे मृत, एस स्थलांतरित, आर दुबार, एम पत्त्यावर सापडला नाही, क्यू अपात्र. एस किंवा एम दिसलं तर पडताळणीच्या वेळी घर बंद होतं का, हा पहिला प्रश्न मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला विचारा.

नाव खरोखर नसेल तर नमुना 6, म्हणजे नव्या नोंदणीचा अर्ज. नाव आहे पण पत्ता बदललाय, दुरुस्ती हवी किंवा कार्ड हरवलंय, तर नमुना 8. घर बदललेले बरेच जण इथेच चुकतात: नमुना 8 ऐवजी नवा नमुना 6 भरतात आणि दोन ठिकाणी नाव लागतं. कायद्याने नाव एकाच ठिकाणी हवं, आणि नमुन्यात खोटी माहिती दिली तर 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आता खरी अडचण. तुम्ही मतदानाआधीचे दोन-तीन आठवडे म्हणताय, ते उमेदवार समजून घ्यायला पुरतात, यादीसाठी नाही. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत फेरफार होत नाही, आणि आलेल्या अर्जावर आक्षेपासाठी सात दिवस ठेवावे लागतात. म्हणून त्या शेवटच्या दिवसाच्या निदान दहा दिवस आधी तुमचा अर्ज पोहोचायला हवा. 2024 च्या विधानसभेला मतदान 20 नोव्हेंबरला होतं आणि उमेदवारी अर्जांची मुदत 29 ऑक्टोबरला संपली. म्हणजे मतदानाच्या महिनाभर आधीच दार बंद. कार्ड हातात असणं आणि यादीत नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मत यादीतल्या नावावर पडतं.

उत्तर: नमुना_२६

शपथपत्राबद्दल.

योग्य प्रत कोणती, इथपासून सुरुवात करावी लागते. एका उमेदवाराला एका मतदारसंघात चार उमेदवारी अर्ज भरता येतात, त्यामुळे आयोगाच्या शपथपत्रांच्या पोर्टलवर एकच नाव दोन-तीनदा दिसू शकतं. छाननीत त्रुटी निघाली म्हणून नव्याने भरलेलं शपथपत्रही असू शकतं. सगळ्यात शेवटच्या तारखेचं उघडा. नामसाधर्म्य असलेले अपक्ष असतात, तेव्हा फोटो आणि वडिलांचं नावही जुळवा. आणि अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावरच वाचायला बसा, म्हणजे रिंगणात नसलेल्यांवर वेळ जाणार नाही. 2024 मध्ये ती तारीख 4 नोव्हेंबर होती, म्हणजे वाचायला सोळा दिवस मिळाले.

शपथपत्र नमुना 26 मध्ये असतं आणि त्याचे दोन भाग असतात. भाग ब हा गोषवारा. तो आधी वाचा, पण तिथे थांबू नका, कारण गोषवाऱ्यात बेरजा असतात आणि प्रश्न निघतात ते भाग अ मधल्या ओळींतून.

तुमचा 'तिप्पट' हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. स्थावर मालमत्तेच्या तक्त्यात प्रत्येक जमिनीचा गट किंवा सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ, वारसाने आली की स्वतः घेतली, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत, त्यावर केलेला खर्च आणि आजची अंदाजे बाजारभावाची किंमत असे रकाने असतात. मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी उघडा आणि गट क्रमांक एकेक करून जुळवा. समजा एका गटाची किंमत तेव्हा 40 लाख होती आणि आता 90 लाख लिहिलीय. क्षेत्रफळ तेच, खरेदीची तारीख तीच. मग हे नुसतं भाव वाढणं आहे, संपत्ती कमावणं नाही. जे गट जुन्या यादीत नव्हते त्यांवर खूण करा आणि त्यांच्या खरेदीच्या किमतींची बेरीज करा.

मग आयकराचा तक्ता. 2019 पासून उमेदवाराने स्वतःचं, जोडीदाराचं, अविभक्त हिंदू कुटुंबाचं आणि अवलंबितांचं मागच्या पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न द्यावं लागतं. समजा पाच वर्षांचं मिळून उत्पन्न 60 लाख आहे आणि त्याच काळातली नवी खरेदी दीड कोटीची. तर मधले 90 लाख कुठून आले ते शोधा. दायित्वांच्या तक्त्यात कर्ज वाढलंय का? जुन्या यादीतली एखादी जमीन गायब आहे, म्हणजे विकली का? वारसाने काही आलं का? शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, तेही लक्षात घ्या. यातून उत्तर निघालं तर ठीक. नाही निघालं तर आरोप करू नका, पण सभेत किंवा पत्राने विचारायला तुमच्याकडे नेमका प्रश्न तयार आहे.

रिकामे रकाने बघा. 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कुठलाही रकाना कोरा ठेवता येत नाही. 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहावंच लागतं. सरकारशी केलेल्या कंत्राटांचा वेगळा रकाना आहे, स्वतःचा आणि जोडीदाराचा, तो फार कमी लोक वाचतात. स्थानिक कामांची कंत्राटं कोणाकडे जातात हे ठाऊक असेल तर ती दोन ओळींची जागा संपत्तीच्या सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त बोलते.

गुन्ह्यांच्या तक्त्यात नुसती संख्या मोजू नका. प्रत्येक ओळीत पोलीस ठाणं, एफआयआर क्रमांक, कलमं आणि दोषारोप निश्चित झालेत का हे असतं. 143, 188, 341 अशी जुनी भारतीय दंड संहितेची कलमं बहुधा मोर्चा, रास्ता रोको, बंदीहुकूम मोडणं यांतली. 307 (खुनाचा प्रयत्न), 376 (बलात्कार), 420 (फसवणूक) ही वेगळ्या वजनाची. 1 जुलै 2024 नंतरचे गुन्हे भारतीय न्याय संहितेखाली आहेत आणि तिथे क्रमांक बदललेत: खून 302 चा 103 झाला, खुनाचा प्रयत्न 307 चा 109, फसवणूक 420 चा 318. म्हणून आकडा ओळखीचा वाटला तरी कायदा कोणता लिहिलाय ते आधी वाचा. पुढचं पाऊल म्हणजे ई-कोर्ट्स, न्यायालयांची ऑनलाईन सेवा: जिल्हा, पोलीस ठाणं, एफआयआर क्रमांक आणि वर्ष टाकलं की खटला कुठल्या टप्प्यावर आहे आणि पुढची तारीख कधी, ते बहुतेक वेळा दिसतं.

उत्तर: थेटमुद्दा

इतकं कशाला? असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या मायनेता संकेतस्थळावर शपथपत्रांचे तक्ते करून ठेवलेले असतात, आधीच्या निवडणुकीशी तुलनाही असते. नाव टाका, पाच मिनिटांत काम होतं.

उत्तर: नमुना_२६

सुरुवात तिथून करायला काहीच हरकत नाही, मीही तेच सुचवेन. पण तो मूळ शपथपत्राचा उतारा आहे. हाताने लिहिलेली, पुसट स्कॅन झालेली पानं असली की आकडा चुकू शकतो किंवा 'अस्पष्ट' अशी टीप येते. एखाद्या आकड्यावरून मत बदलणार असाल किंवा तो चारचौघांत सांगणार असाल, तर ते एक पान मूळ प्रतीत उघडून बघा.

आणखी एक कागद असतो, तो सहसा कुणी उघडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2020 च्या आदेशानंतर, गुन्हे प्रलंबित असलेला उमेदवार का निवडला याची कारणं पक्षाने आपल्या संकेतस्थळावर लिहावी लागतात, आणि नुसतं 'निवडून येण्याची क्षमता' हे कारण चालत नाही. दोन-तीन उमेदवारांची कारणं शेजारी ठेवून वाचा. शब्दन् शब्द सारखा असेल तर पक्षाने विचार किती केला ते कळतं.

उत्तर: लक्षवेधी

तिसरा प्रश्न. खासदारांसाठी पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या संकेतस्थळावर हजेरी, प्रश्न, चर्चा आणि खासगी विधेयकं मिळतात, राज्याच्या आणि देशाच्या सरासरीसह. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, त्यामुळे मंत्री राहिलेल्या खासदाराची पाटी कोरी दिसते, ती कामचुकारपणाची खूण नाही. प्रश्नांच्या संख्येनेही भुलू नका, एकाच प्रश्नावर अनेक सदस्यांची नावं असतात. संसदेच्या संकेतस्थळावर खासदाराच्या नावाने प्रश्न काढा आणि दहा शीर्षकं वाचा. तुमच्या मतदारसंघातल्या पाण्याबद्दल, रेल्वेबद्दल, पीकविम्याबद्दल किती आहेत?

आमदारांचं काम शोधायला जास्त चिकाटी लागते. महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर अधिवेशनानुसार तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या) प्रश्नांच्या याद्या, लक्षवेधी सूचना आणि कामकाज असतं. माझ्या मते आमदार जोखायचा असेल तर लक्षवेधी आधी बघावी, कारण तिच्यावर मंत्र्याला सभागृहात निवेदन करावं लागतं. आश्वासन मिळालं असेल तर तारीख टिपून ठेवा.

मूळकागद

फार उपयोगी. एक राहिलं: महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदेला हेच सगळं लागू होतं का?

उत्तर: यादीभाग

नाही, तिथे घरच वेगळं. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे शपथपत्रं भारत निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर सापडणार नाहीत, राज्य आयोगाच्या संकेतस्थळावर बघा. यादी मात्र विधानसभेचीच वापरतात, ठरावीक तारखेची, आणि ती प्रभागांत फोडतात. राज्य आयोग नवं नाव घालत नाही. प्रारूप यादीवर हरकतीची मुदत असते तेव्हा 'माझं नाव शेजारच्या प्रभागात गेलंय' एवढं सांगता येतं, 'माझं नावच नाही' याचा इलाज तिथे नाही. म्हणून नमुना 6 आणि 8 चं काम निवडणूक जाहीर व्हायची वाट न बघता करून टाका. 18 पूर्ण होण्यासाठी आता वर्षात चार तारखा धरतात, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर, आणि 17 पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज करता येतो.

बहुसदस्यीय प्रभाग असेल तर प्रत्येक जागेसाठी वेगळं मत द्यायचं असतं, म्हणजे चार जागा असतील तर चार जागांच्या उमेदवारांची शपथपत्रं वाचावी लागतात. सुरुवात शेवटच्या जागेपासून करा. लोक पहिल्या जागेचे उमेदवार वाचून दमतात आणि बाकीची बटणं चिन्ह बघून दाबतात.