हार्लनचा डिसेंट (निकालाविरुद्ध लिहिलेलं मत) नक्की कुणाच्या बाजूचा?

मंडळी मदत हवीये. १८९६ च्या प्लेसी केसमधे अमेरिकन सुप्रीम कोर्टाने गोऱ्या-काळ्यांचे रेल्वेचे डबे वेगळे ठेवायला ७-१ ने मान्यता दिली, विरोधात गेलेला एकटा जज म्हणजे हार्लन. इथे जातपात नाही, आमची घटना रंग बघत नाही असं त्याने ठणकावून लिहिलं (आणि त्याच डिसेंटमधे चिनी लोकांबद्दल काहीच्या काही लिहिलंय, डोकंच फिरलं वाचून). आता २०२३ च्या हार्वर्ड ॲडमिशनच्या केसमधे बहुमतातले जस्टिस थॉमस प्रवेश देताना वंश बघण्याविरोधात हार्लनचाच दाखला देतात आणि डिसेंट लिहिणाऱ्या जस्टिस सोटोमायोर पण त्यालाच धरतात! मग जातपातवालं वाक्य महत्त्वाचं की रंगवालं? घटनेचा अभ्यास असलेल्या कुणीतरी सोप्या भाषेत समजावून सांगा ना प्लीज.